‘धोकादायक’ आणि ‘बिगर-धोकादायक’ : वसाहतकालीन भारतातील पेट्रोलियम साठवणुकीचे सुरक्षा-नियमन

प्रस्तावना

दिव्यात जळणाऱ्या खनिज तेलाला मराठीत दोन नावे रूढ आहेत : रॉकेल आणि घासलेट. पहिले नाव ‘रॉक ऑइल’ या इंग्रजी शब्दाचे मराठी रूप आहे. दुसऱ्याचा संबंध ‘गॅसलाइट’ या शब्दाशी जोडला जातो. यांपैकी पहिला शब्द केवळ बाजारातून आलेला नाही, तो कायद्याच्या भाषेतही होता. १८९९ च्या इंडियन पेट्रोलियम ॲक्टमध्ये ‘पेट्रोलियम’ या संज्ञेची व्याख्या करताना रॉक ऑइल, रंगून ऑइल, बर्मा ऑइल, केरोसिन, पॅराफिन ऑइल, मिनरल ऑइल, गॅसोलीन, बेंझीन अशी बाजारात प्रचलित असलेली नावे एकापुढे एक मांडली आहेत. रसायनशास्त्राच्या आधारे व्याख्या करणे कायदेकर्त्यांना कठीण वाटले असावे. म्हणून जे जे पिंपांतून आणि डब्यांतून बंदरात उतरत होते, त्या सर्वांची नावे त्यांनी कायद्यात नोंदविली.

नावांच्या या गर्दीतून वाट काढण्यासाठी कायद्याने एक रेषा आखली. ज्या तेलाचा प्रज्वलनांक, म्हणजे इंग्रजीत ज्याला ‘फ्लॅश पॉइंट’ म्हणतात ते तापमान, ७६ अंश फॅरनहाइटपेक्षा कमी असेल ते ‘धोकादायक पेट्रोलियम’. त्यापुढचे सारे बिगर-धोकादायक. या एका अंकावर परवाना लागेल की नाही, किती गॅलन बाळगता येतील, कोणत्या भांड्यात आणि कोठे ठेवता येतील, हे सर्व ठरत असे. हा अंक कोठून आला, भारताच्या हवामानात त्याला काय अर्थ उरला आणि प्रत्यक्ष सुरक्षितता कोणाच्या वाट्यास आली, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. वसाहतकालीन तंत्रविज्ञानाचा इतिहास लिहिताना आपल्याकडे रेल्वे, कालवे आणि प्लेगचे प्रशासन यांकडे सहज लक्ष जाते. तेलाच्या गोदामाचा कायदा मात्र केवळ वकील आणि पेट्रोलपंपचालक यांच्याच वाचनाचा विषय राहिला आहे.

लंडनमधील मोजमाप

इंग्लंडमध्ये पेट्रोलियमच्या सुरक्षित साठवणुकीचा पहिला कायदा १८६२ मध्ये झाला. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील तेलविहिरीला तेल लागून तेव्हा अवघी तीन वर्षे लोटली होती. या कायद्यानुसार राहत्या घरापासून किंवा माल साठविलेल्या इमारतीपासून ५० यार्डांच्या आत ४० गॅलनांहून अधिक पेट्रोलियम परवान्याशिवाय ठेवण्यास मनाई करण्यात आली. १०० अंश फॅरनहाइटच्या खाली जे ज्वालाग्राही वाफ सोडते ते पेट्रोलियम, अशी त्यात व्याख्या होती. परंतु ही वाफ कशी तपासावी याविषयी कायदा मौन बाळगून होता. त्यामुळे एकाच पिंपातील तेल एका तपासनिसाच्या मते सुरक्षित, तर दुसऱ्याच्या मते धोकादायक ठरे. १८६८ आणि १८७१ च्या कायद्यांनी उघड्या भांड्यातील चाचणी विहित केली, तरी वाद मिटले नाहीत. उघड्या भांड्यावरून वाऱ्याची एक झुळूक गेली किंवा ज्योत थोडी उंच धरली, तरी निष्कर्षात कित्येक अंशांचा फरक पडत असे.

ब्रिटिश युद्धखात्याचे रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक एबेल यांनी १८७० च्या दशकात यावर उपाय शोधला. त्यांच्या उपकरणात तेलाचे भांडे झाकणाने बंद असे, पाण्याच्या आवरणातून तेलाला सावकाश उष्णता दिली जाई आणि ठरावीक अंतराने झाकणातील छिद्र उघडून लहानशी ज्योत आत नेली जाई. ज्या तापमानाला आतल्या वाफेचा क्षणिक निळसर भडका दिसेल तो प्रज्वलनांक. बंद भांड्यात वाफ साचून राहत असल्याने भडका लवकर उडे. साहजिकच त्याच तेलाचा बंद भांड्यातील प्रज्वलनांक उघड्या भांड्यातील अंकापेक्षा बराच खाली येई. १८७९ च्या ब्रिटिश कायद्याने एबेलचे उपकरण स्वीकारले आणि जुन्या चाचणीतील १०० अंशांना समतुल्य म्हणून ७३ अंश हा अंक निश्चित केला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. १०० वरून ७३ वर येण्यात नियम सैल झाला नाही आणि कडकही झाला नाही. बाजारात तोवर जे तेल उत्तीर्ण होत होते तेच पुढेही उत्तीर्ण व्हावे, फक्त मोजणी विश्वासार्ह व्हावी, असा हा बदल होता. एबेल यांचे श्रेय त्यामुळे कमी होत नाही. कोणत्याही दोन शहरांतील तपासनिसांना एकच उत्तर देणारे उपकरण घडविणे हे मोठेच काम होते. तथापि दिव्यात तेल किती तापते, खोली किती गरम असते, यांचा हिशेब करून ७३ हा अंक निघालेला नव्हता. व्यापारात जे तेल चालू होते त्याच्या तळाशी ओढलेली ती रेघ होती.

इंग्लंडमध्येच पुढे या अंकावर कडाक्याचा वाद झाला. दिव्यांच्या स्फोटांत माणसे मरत होती. १८९० च्या दशकात कॉमन्स सभागृहाच्या निवड समितीने या विषयाची दीर्घ चौकशी केली. लॉर्ड केल्व्हिन यांच्यासारख्या शास्त्रज्ञाने मर्यादा वाढविण्याच्या बाजूने साक्ष दिली आणि १८९८ मध्ये समितीने ती १०० अंशांपर्यंत, तीही एबेलच्या बंद भांड्यातील १०० अंशांपर्यंत, नेण्याची शिफारस केली. १८९९ मध्ये त्यासाठी आलेले विधेयक मात्र कॉमन्समध्ये फेटाळले गेले. दोष तेलाचा नसून वाईट दिव्यांचा आणि निष्काळजी हातांचा आहे, हा विरोधकांचा युक्तिवाद होता. बॉव्हर्टन रेडवुड हे त्या काळातील पेट्रोलियमचे सर्वांत मान्यवर तज्ज्ञ प्रचलित मर्यादेच्या बाजूचे होते. ते सरकारला सल्ला देत आणि तेलव्यवसायालाही. त्या काळी यात कोणाला फारशी विसंगती वाटत नसे.

७६ अंश आणि मुंबईची हवा

भारतात पेट्रोलियमविषयक कायदे १८८१, १८८६ आणि १८९९ असे एकामागून एक झाले. १८९९ चा कायदा इंग्लंडमध्ये मर्यादा वाढविण्याचा प्रयत्न फसला त्याच वर्षीचा. त्याने प्रज्वलनांकाची मर्यादा ७६ अंश ठेवली. ब्रिटिश मर्यादेहून ती तीन अंशांनी अधिक असल्याने वरवर पाहता भारतीय कायदा अधिक काटेकोर भासतो.

हा भास थोड्या गणिताने दूर होतो. ७६ अंश फॅरनहाइट म्हणजे सुमारे साडेचोवीस अंश सेल्सिअस. मुंबईत वर्षातील सर्वांत थंड अशा जानेवारी महिन्याचे सरासरी तापमान जवळपास तेवढेच असते. एप्रिल-मे महिन्यांतील दुपार ९० अंश फॅरनहाइटच्या आसपास किंवा त्याहून वर जाते. लंडनच्या हवेत ७३ अंशांची मर्यादा वर्षातील बहुतेक दिवस हवेच्या तापमानाच्या वर राहत असे, म्हणजे तेल ओतताना वा साठविताना ते ज्वालाग्राही वाफ सोडत नसे. मुंबई, मद्रास आणि रंगून येथे स्थिती नेमकी उलट होती. कायद्याने ‘बिगर-धोकादायक’ ठरविलेले, मर्यादेच्या जेमतेम वर असलेले तेल गोदामात नुसते पडून असतानाही आपल्या प्रज्वलनांकाच्या वर असे. पिंपाचे बूच काढल्यावर तोंडाशी जी वाफ असे तिला पेट घेण्यासाठी एक ठिणगी पुरेशी होती. तेव्हा हा अंक इंग्लंडमध्ये ज्या अर्थाने सुरक्षिततेचा निदर्शक होता, त्या अर्थाने तो भारताच्या किनाऱ्यावर कधीच नव्हता.

उष्ण कटिबंधात ही चाचणी घेणेही सोपे नव्हते. एबेलच्या पद्धतीत तेल थंड अवस्थेपासून सावकाश तापवीत न्यायचे असते. येथे नमुन्याची बाटली उघडली जाई तेव्हाच ते तेल चाचणीच्या अपेक्षित भडक्यापर्यंत पोचलेले असे आणि ओतताना त्यातील हलकी वाफ उडून जाई. त्यामुळे इंग्लंडमधील आणि भारतातील निष्कर्ष जुळत नसत. बंदरात तेल नाकारले गेले म्हणजे व्यापाऱ्यांचे नुकसान होई, तक्रारी लंडनपर्यंत जात. एबेल आणि रेडवुड यांनी १८८० च्या दशकाच्या प्रारंभी उष्ण हवामानातील चाचणीचा स्वतंत्र अभ्यास केला तो याच पार्श्वभूमीवर. नमुना आधी थंड करून घेणे, वायुदाबानुसार दुरुस्ती करणे, अशा गोष्टी चाचणीच्या पद्धतीचा भाग बनल्या. वायुदाब एक इंच उतरला की प्रज्वलनांक सुमारे दीड अंशाने खाली येतो. पुण्यासारख्या घाटमाथ्यावरील शहरात वायुदाबमापकातील पारा मुंबईपेक्षा जवळजवळ दोन इंच खाली असतो. म्हणजे मुंबईत ७६ अंशांवर उत्तीर्ण झालेले तेल पुण्याच्या हवेत सुमारे ७३ अंशांवरच भडका देणार. बोरघाट चढणाऱ्या डब्याला अर्थातच हे गणित कोणी विचारीत नव्हते. तपासणी बंदरात व्हायची आणि प्रमाणपत्र तेथेच संपायचे.

चाचणीची ही सारी काळजी कोणासाठी होती हे कायद्यातील तरतुदींवरून दिसते. पुढे १९३४ च्या अधिनियमातही कायम राहिलेली व्यवस्था अशी होती : ‘प्रमाण चाचणी उपकरण’ अशी अक्षरे कोरलेले एक उपकरण नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवलेले असे. ठरावीक शुल्क भरून कोणासही ते पाहता येई. चाचणीच्या निकालाने समाधान न झालेल्या मालकास सात दिवसांच्या आत फेरचाचणी मागण्याचा हक्क होता. कायद्याच्या दृष्टीने ही उत्तम व्यवस्था होती. पण तिच्यात अन्याय झालेला पक्ष म्हणून कल्पिलेला माणूस तेलाचा मालक आहे, तेल जाळणारा नाही.

गॅलन, अंतर आणि टाक्या

प्रज्वलनांकाची रेषा मुंबईच्या उकाड्यात पुसट होत होती, तर मग प्रत्यक्ष संरक्षण कशाने झाले? कायद्याचा दुसरा आधार होता परिमाण आणि अंतर. धोकादायक पेट्रोलियम परवान्याविना फक्त तीन गॅलनांपर्यंत ठेवता येई, तेही काचेच्या, चिनीमातीच्या अथवा धातूच्या घट्ट बुचाच्या बाटल्यांतून, एका बाटलीत एक क्वार्टपेक्षा अधिक नाही अशा अटीवर. बिगर-धोकादायक तेलाची परवानामुक्त मर्यादा मात्र ५०० गॅलन होती. चार गॅलनांचा एक डबा धरला तर हे सव्वाशे डबे होतात. मुंबईतील एखाद्या वाडीच्या तोंडाशी असलेल्या दुकानात एवढा साठा असणे म्हणजे पेट्रोलियम कायद्याच्या दृष्टीने काहीच नसणे होते. शहरापुरती ही पोकळी काही अंशी नगरपालिकेच्या कायद्याने भरून काढली. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमातील कलम ३९४ अन्वये जोखमीच्या वस्तूंच्या साठ्यासाठी आणि व्यवसायांसाठी आयुक्तांचा परवाना आवश्यक करण्यात आला. पण मोफसिलच्या बाजारपेठांत असे दुसरे जाळे फारच विरळ होते.

५०० गॅलनांच्या वर मात्र कायद्याचे रूप पालटत असे. १८९० च्या दशकात तेलाची वाहतूकच बदलली. तोवर तेल लाकडी खोक्यांत बसविलेल्या डब्यांतून, प्रत्येक खोक्यात दोन डबे, अशा रीतीने जहाजांवर येई. १८९२ मध्ये मार्कस सॅम्युएल यांच्या ‘म्यूरेक्स’ या टाकीजहाजाने काळ्या समुद्रावरील बाटूमचे तेल घेऊन सुएझ कालवा ओलांडला. सुएझ कंपनीने टाकीजहाजांना परवानगी देण्याआधी सुरक्षिततेच्या अटी घातल्या होत्या. पूर्वेकडील बंदरांना आता खोकी नव्हे तर किनाऱ्यावरील प्रचंड लोखंडी टाक्या लागणार होत्या. अशी टाकी फुटली वा पेटली तर तेल रस्त्यावरून, गटारांतून, बंदराच्या पाण्यावरून पसरत जाणार होते. गोदामाला आग लागणे आणि तेलाचा जळता पूर येणे या दोन वेगळ्या आपत्ती आहेत, हे या काळात प्रशासनाच्या नीट ध्यानात आले.

यातून घडलेली तंत्रे आजही कोणत्याही तेल-आगाराच्या भिंतीवरून दिसतात. टाकीभोवती बंधारा, टाकी रिकामी झाली तरी तेल त्याच्या आत मावावे. दोन टाक्यांत आणि टाकी व कुंपण यांत मोकळी जागा. लहान गोदामाचा उंबरठा निदान फूटभर उंच किंवा जमीन तेवढी खोल, म्हणजे गळलेले तेल दारातून बाहेर पडणार नाही. हवा येण्याच्या झरोक्यांवर तांब्याची बारीक जाळी, तीही दुहेरी. १९३७ च्या नियमांत या जाळीचे मापही दिलेले आहे : एका इंचात निदान २८ छिद्रे. ही जाळी खाणीतील डेव्हीच्या दिव्याची नातेवाईक. ज्योत बारीक छिद्रांतून जाताना धातू तिची उष्णता शोषून घेतो आणि ती पलीकडे जात नाही. उंबरठा आणि जाळी यांना तेलाचा प्रज्वलनांक किती आहे हे विचारावे लागत नाही, लंडनच्या आणि मुंबईच्या हवेतही ती सारखीच काम करतात. वसाहतकालीन नियमनाचा खरोखर टिकाऊ भाग कोणता, असे विचारले तर बोट याच गोष्टींकडे दाखवावे लागेल.

जागेची निवड ही यातील सर्वांत परिणामकारक तरतूद ठरली. कलकत्त्याच्या खालच्या अंगाला हुगळीच्या काठी बजबज येथे, मुंबईत पूर्व किनाऱ्यावर शिवडी-वडाळ्याच्या खाजणपट्टीत आणि पुढे पीरपाव येथे तेलाची आगारे गेली. मूळ शहराचा गजबजलेला भाग, गोद्या, कापसाच्या वखारी यांपासून तेल दूर नेणे हा उद्देश होता आणि त्यात यशही आले. परंतु शिवडीही रिकामी नव्हती. खाजणात कोळी आणि मिठागरांत राबणारे लोक होते. पुढे गिरण्यांच्या चाळी त्या दिशेने सरकत गेल्या. १९२० च्या दशकात कापसाचा बाजार कुलाब्याहून उठून शिवडीच्याच बाजूस आला. तेलापासून कापूस दूर ठेवण्यासाठी केलेली योजना दोन पिढ्यांत अशी उलटी फिरली. बंदराच्या दृष्टीने ‘बाहेर’ असलेली जागा कोणाच्या तरी दृष्टीने ‘घर’ असते, ही गोष्ट अंतराच्या नियमात कोठे मोजता येत नव्हती.

टाक्यांची जागा निवडताना शत्रूचा विचार झालेला नव्हता. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री ‘एमडन’ या जर्मन युद्धनौकेने मद्रास बंदरासमोर येऊन बर्मा ऑइल कंपनीच्या टाक्यांवर तोफा डागल्या. सुमारे साडेतीन लाख गॅलन तेल जळाले, त्या ज्वाळा दूरवरून दिसत होत्या आणि शहरातील अनेक कुटुंबांनी स्थलांतर केले. ‘एमडन’ हा शब्द तमिळ भाषेत त्यानंतर कायमचा शिरला.

डबा

टाक्या आल्या तरी डबा गेला नाही. उलट मार्कस सॅम्युएल यांच्या कंपनीला आलेला अनुभव या दृष्टीने बोलका आहे. टाकीतून स्वस्त दराने सुटे तेल विकण्याचा बेत पूर्वेकडील बाजारांत प्रारंभी फसला, कारण गिऱ्हाइकाला तेलाबरोबर डबाही हवा होता. कंपनीला पत्रा पाठवून जागोजागी डबे बनविण्याचे कारखाने उभारावे लागले. स्टँडर्ड कंपनीच्या निळ्या डब्यासमोर यांचा लाल डबा उभा राहिला.

महाराष्ट्रात या डब्याचे पुढील आयुष्य तेलापेक्षा लांब होते. त्यात पाणी भरले गेले, धान्य साठविले गेले. फोडून सपाट केलेल्या पत्र्यांनी झोपडीच्या भिंती आणि छपरे शाकारली गेली. त्याच पत्र्यापासून काच नसलेली, वातीवर जळणारी ‘चिमणी’ बनली, आणि करडईच्या वा एरंडेलाच्या दिव्याची जागा तिने घेतली. करडईच्या तेलाचा दिवा लवंडला तर बहुधा विझतो. रॉकेलची चिमणी लवंडली तर तेल पसरते आणि पेटते. खेडोपाडी घरात शिरलेला हा धोका नवा होता.

कायद्याची नजर मात्र येथवर पोचत नव्हती. रिकामी भांडी घट्ट बंद ठेवावीत किंवा वाफेपासून पूर्ण मुक्त करून घ्यावीत असा नियम होता, पण तो धोकादायक पेट्रोलियमच्या भांड्यांपुरता. रॉकेलचा डबा बिगर-धोकादायक असल्याने तो मोकळा सुटला. इंग्लंडमध्ये दिव्यांच्या अपघातांवरून निदान संसदेत वाद झाला, समिती बसली, शास्त्रज्ञांनी साक्षी दिल्या. चिमणीने भाजलेल्या भारतीय स्त्रियांसाठी असा प्रश्न कायदेमंडळात त्याच तीव्रतेने उभा राहिलेला दिसत नाही. साडीच्या पदराने पेट घेतला ही बातमी घरगुती दुर्दैव म्हणून ओळखली जाई. साठवणूक हा राज्यकारभाराचा विषय होता आणि वापर हा घराचा, ही विभागणी कायद्यात कोठे लिहिलेली नसली तरी त्याच्या प्रत्येक कलमामागे ती उभी आहे.

अंमलबजावणीचे हातही मर्यादित होते. १८९८ मध्ये स्फोटक द्रव्यांचे स्वतंत्र खाते स्थापन झाले. त्याचे मुख्य निरीक्षक आणि मोजके सहकारी यांना ब्रह्मदेशापासून सिंधपर्यंतचा मुलूख पाहायचा होता, आणि सरकारला त्यांच्याकडून हवे असलेले काम नेहमी तेलाचेच असे नव्हे. मुख्य निरीक्षक मस्प्रॅट-विल्यम्स यांचे नाव इतिहासाच्या वाचकांना आढळते ते १९०८ च्या अलीपूर बाँबखटल्यातील तज्ज्ञ साक्षीदार म्हणून. क्रांतिकारकांचा बाँब आणि व्यापाऱ्याचे गोदाम एकाच खात्याच्या कक्षेत होते. दोहोंपैकी कशाने सरकारची झोप अधिक उडे, हे सांगण्याची गरज नाही. जिल्ह्यांत परवाने देण्याचे काम जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे आणि इलाख्याच्या राजधान्यांत पोलीस आयुक्तांकडे होते.

मोटारींचा काळ आणि १९३४ चा अधिनियम

पहिल्या महायुद्धानंतर चित्र पालटले. खरोखर धोकादायक असलेले तेल, म्हणजे पेट्रोल, आता औषधाच्या बाटलीतून निघून रस्त्यावर आले. त्याचा प्रज्वलनांक गोठणबिंदूच्याही कितीतरी खाली असतो. त्याला तीन गॅलनांची मर्यादा लावली तर एकही मोटार चालू शकली नसती. १९१९ नंतरच्या राज्यव्यवस्थेत पेट्रोलियम व स्फोटकांचे नियंत्रण केंद्राकडे राहिले होते. त्यामुळे प्रांतागणिक वेगळ्या नियमांऐवजी एकच कायदा करणे शक्य झाले. १९३४ चा पेट्रोलियम अधिनियम आणि १९३७ चे नियम हे त्याचे फलित होय.

या अधिनियमाने ७६ अंशांची रेषा आणि ५०० गॅलनांची सूट, दोन्ही तशाच ठेवल्या. धोकादायक तेलाची परवानामुक्त मर्यादा सहा गॅलन झाली. मोटारीच्या टाकीतील पेट्रोल परवान्यातून वगळले गेले आणि मोटारमालकाला शिवाय २० गॅलनांपर्यंत साठा बाळगता येऊ लागला. साठा सहा गॅलनांहून अधिक असेल तर तो माणसे राहतात वा काम करतात अशा कोणत्याही खोलीशी जोडलेला नसलेल्या स्वतंत्र इमारतीत ठेवावा, अशी अट होती. बंगला, आवार आणि वेगळे मोटारघर असलेल्या माणसाला ही अट सहज पाळता येत होती. त्याच वर्षांत गिरगावात वा परळला एकाच खोलीत स्वयंपाक, झोपणे आणि रॉकेलची बाटली हे सारे एकत्र होते. त्या बाटलीसंबंधी अधिनियमाला काही म्हणायचे नव्हते. धोकादायक तेलाच्या भांड्यावर ‘पेट्रोल’ किंवा ‘मोटर स्पिरिट’ अशी ठळक अक्षरे हवीत, हेही या अधिनियमाने सांगितले. २०० अंश फॅरनहाइट वा त्यावर प्रज्वलनांक असलेले तेल, म्हणजे मुख्यतः वंगणतेल, आयात, वाहतूक आणि साठवणुकीच्या तरतुदींतून पूर्णपणे वगळण्यात आले.

ही शेवटची सूट तर्कशुद्ध होती, कारण वंगणतेल एकटे असताना सहज पेटत नाही. पण जहाजाच्या तळघरात ते एकटे नसते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके, कापसाच्या ८,७०० गाठी आणि वंगणतेलाची पिंपे एकत्र भरलेली होती. शांततेच्या काळात स्फोटके बंदराबाहेर छोट्या नौकांत उतरवून घेण्याचा दंडक होता आणि अशा जहाजावर लाल बावटा असावा लागे. युद्धामुळे पहिल्याला सूट मिळाली होती आणि दुसरा फडकलाच नाही. आग लागली ती कापसात. दुपारी चारनंतर झालेल्या दोन स्फोटांत शेकडो माणसे मेली. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. प्रज्वलनांक, परिमाण आणि अंतर यांच्या साहाय्याने एकेका मालाचा स्वतंत्र विचार करणाऱ्या नियमांपुढे शेजारी-शेजारी ठेवलेल्या मालाचा प्रश्न उभा राहिला, तोही नियम बाजूला ठेवलेले असताना.

स्वातंत्र्योत्तर काळातील अंक

१९३४ चा अधिनियम स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला. पेट्रोलियम आणि ‘धोकादायकरीत्या ज्वालाग्राही’ पदार्थ हा विषय संविधानाच्या संघसूचीत ५३ व्या नोंदीत आला. जुन्या स्फोटक खात्याचे मुख्यालय नागपुरात आले. पेट्रोलियम तथा विस्फोटक सुरक्षा संघटना या नावाने ते आज ओळखले जाते. १९५४-५५ मध्ये तुर्भ्याला दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, तेव्हा अंतर आणि बंधाऱ्यांचे जुने नियमच कितीतरी मोठ्या टाक्यांना लावले गेले.

‘धोकादायक’ आणि ‘बिगर-धोकादायक’ हे शब्द १९७० च्या दुरुस्तीने जाऊन त्यांच्या जागी ‘अ’, ‘ब’ आणि ‘क’ असे वर्ग आले. ‘क’ वर्गाची वरची मर्यादा ९३ अंश सेल्सिअस ठरली. जुने २०० अंश फॅरनहाइट ते हेच. ‘अ’ वर्गाची मर्यादा २३ अंश सेल्सिअस अशी ठरली. फॅरनहाइटमध्ये हा अंक ७३.४ होतो. म्हणजे एबेल यांच्या १८७९ च्या इंग्लिश मर्यादेवरच कायदा एकवटला, आणि भारतापुरती राखलेली तीन अंशांची वाढही गेली. रॉकेल ‘ब’ वर्गात गेले. भारतीय मानकानुसार त्याचा प्रज्वलनांक मात्र एबेलच्याच उपकरणात निदान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो. हे ९५ अंश फॅरनहाइट होतात. १८९८ च्या समितीने मागितलेल्या १०० अंशांपेक्षा पाच अंश कमी.